फुटका शिंपला फेकायच्या आधी एकदा उलटून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीचवर फिरताना शंख-शिंपले वेचायची आवड लागली, पण मिळतात ते निम्मे फुटके नाहीतर भोक पडलेले, चांगले कधी आणि कुठे मिळतात ते कळत नाही, घरी आणल्यावर काहींना भयंकर वास येतो, आणि घरातले विचारतात की या छंदात एवढं आहे तरी काय. मी अनेक वर्षं हेच करत आलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचं उत्तर तुम्ही जे फुटके आणि भोकवाले शिंपले फेकून देताय ना, त्यातच आहे.

पुढच्या वेळी गेलात की भोक पडलेला एक शिंपला मुद्दाम उचला आणि ते भोक डोळ्याजवळ धरून बघा. एकदम गोल आहे का, बाहेरून रुंद आणि आत जाताना निमुळतं होत गेलंय का, कड उतरती आहे का? तसं असेल तर ते मून स्नेलचं काम. हा गोलगरगरीत चकचकीत शंखातला प्राणी वाळूच्या आतून सरकत जातो, शिंपला सापडला की आपल्या मोठ्या मांसल पायात गुंडाळून धरतो, कवच मऊ करणारा स्राव सोडतो, मग जिभेवरच्या बारीक दातांनी खरवडतो, परत स्राव, परत खरवडणं, असं काही तास चालतं, कधी त्याहून जास्त वेळ. भोक आरपार गेलं की आतलं मांस तिथूनच खातो. भोकाच्या भिंती सरळ असतील, उतरती कड नसेल, तर बहुतेक म्युरेक्स नावाच्या, भोकं पाडणाऱ्या शंखांच्या कुळातला शिकारी. कधीकधी भोक अर्धवट सोडलेलं मिळतं, नुसती गोल वाटी आणि मधे छोटासा उंचवटा, म्हणजे हल्ला झाला पण पूर्ण झाला नाही. असा शिंपला मला धड शिंपल्याच्या दहापट आवडतो.

सगळी भोकं शिकाऱ्यांची नसतात हेही लक्षात ठेवा. शिंपल्याच्या वरच्या फुगीर टोकाशी वेडंवाकडं, गुळगुळीत झिजलेल्या कडेचं भोक असेल तर ते लाटांमध्ये घासून पडलेलं असतं, कारण तो भाग सगळ्यात उंच असल्यामुळे आधी तोच झिजतो. आणि अख्खं कवच चाळणीसारखं पोखरलेलं असेल तर तो स्पंजचा उद्योग, क्लायोना नावाचा स्पंज कॅल्शियमच्या कवचात घरं करून राहतो. मग शिंपला उलटा करा, आतली बाजू बघा. आतल्या गुळगुळीत भागावर बार्नेकल (खडकांना, बोटींना चिकटून राहणारे छोटे कवचवाले प्राणी) किंवा किड्यांच्या पांढऱ्या वळवळीत नळ्या चिकटल्या असतील, तर त्या चिकटल्या तेव्हा आतला प्राणी आधीच मेलेला होता, नाहीतर तिथे जागाच नव्हती. नळ्या फक्त बाहेरून असतील तर तो जिवंत असतानाही बसलेल्या असू शकतात. आत दोन मळकट गोल डाग दिसतात ते स्नायूंचे ठसे, ज्यांच्या जोरावर तो दोन्ही झडपा, म्हणजे कवचाचे दोन अर्धे भाग, घट्ट मिटून धरायचा. एका झडपेत एवढं सगळं लिहिलेलं असतं, आणि आपण ते फुटकं म्हणून टाकून पुढे जातो!

शंखांचंही तसंच. शंखाच्या वेटोळ्यावर बोट फिरवलं की मधेच एक खडबडीत, वाकडीतिकडी रेघ लागते, तिच्यापुढची नक्षी जरा सरकल्यासारखी वाटते. तिथे पूर्वी कधीतरी खेकड्याने शंखाचा ओठ, म्हणजे तोंडाची कड, तोडून आत घुसायचा प्रयत्न केलेला असतो, प्राणी आत खोल सरकून वाचला, आणि मग त्याने तुटलेली जागा बांधून काढली. शंख बनवतो तो प्राण्याच्या अंगावरचा मॅन्टल नावाचा पडदा, तो कडेने थरावर थर चढवत जातो, त्यामुळे शंखाचं टोक म्हणजे त्याचं बालपण आणि तोंडाची कड म्हणजे शेवटचे दिवस, आणि मधली प्रत्येक जखम जिथल्या तिथे राहते.

ही दुरुस्तीची खूण आणि त्यामागचं शिकारी-भक्ष्याचं भांडण यावर आयुष्यभर काम केलेले शास्त्रज्ञ म्हणजे खीरात फर्मेय. जन्म 1946 चा, नेदरलँड्सचे, लहानपणापासून पूर्ण अंध. अमेरिकेत शाळेत असताना त्यांच्या शिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख वर्गात ठेवले होते, ते हातात घेतल्यावर त्यांना जाणवलं की लहानपणी हाताळलेल्या थंड समुद्रातल्या खडूसारख्या शिंपल्यांपेक्षा हे किती गुळगुळीत आणि किती नक्षीदार आहेत, आणि हा फरक का, हा प्रश्न त्यांना पडला. पुढे ते कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाले, आणि सगळं काम बोटांनी, नखाने, टोकदार सुईने शंख चाचपून. त्यांच्याही आधी सतराव्या शतकात रुम्फियस नावाचा निसर्गअभ्यासक आत्ताच्या इंडोनेशियातल्या अँबॉन बेटावर राहायचा, 1670 मध्ये त्याची दृष्टी गेली आणि तरीही तिथल्या शंखांचं वर्णन त्याने सोडलं नाही. म्हणून मी नवीन लोकांना नेहमी सांगते की आधी डोळे मिटून शंख हातात फिरवा, रिब म्हणजे कवचावरच्या उंच रेघा किती उंच, ओठ जाड की पातळ, आत दात लागतात का, टोकाशी खाच आहे का. रंग फसवतो, उन्हाने उडतो, पण आकार बऱ्यापैकी टिकतो.

आता कधी जायचं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय जाऊ नका, त्यासाठी फुकटची ॲप्स आहेत. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास, साधारण एक-दोन दिवस पुढे, उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात आत जातं आणि एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा फारसा फरक पडत नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी पोचायचं, उतरणाऱ्या पाण्याच्या मागेमागे जायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारी सकाळी जमलं म्हणून या रविवारीही जमेल असं नसतं. खडकांमध्ये जाणार असाल तर परत यायची वाट भरतीत बंद होते का ते आधी बघून ठेवा, वेचताना मान खाली असते आणि पाणी मागून कधी भरलं ते कळत नाही.

वादळी वाऱ्यानंतरची पहिली ओहोटी सगळ्यात भारी, पण समुद्र शांत झाल्यावरच. समुद्राकडून किनाऱ्याकडे काही दिवस सलग वारा वाहिला की कधीकधी जांभळे जँथिना शंख येतात. हा प्राणी आयुष्यभर पाण्याच्या पृष्ठभागावर, स्वतः बनवलेल्या बुडबुड्यांच्या तराफ्याला उलटा लटकून राहतो, कवच इतकं पातळ की बोटाने दाबलं तर फुटेल. त्याच्यासोबत निळसर फुग्यांसारखे ब्लूबॉटलही वाहून येतात, त्यांना हात लावू नका, मेलेले दिसले तरी डंख मारतात.

कुठे बघायचं याचं उत्तर समुद्राने रेघ मारूनच ठेवलेलं असतं. भरतीचं पाणी जिथपर्यंत आलं तिथे शेवाळ, काटक्या, फेस यांची ओळ असते, हलके आणि छोटे शंख तिच्यात अडकतात, काठीने अलगद उचकून बघा. जड शंख खाली, लाटा फुटतात त्या उताराच्या पायथ्याशी. खडकांच्या मागची वाळू, खाडीच्या तोंडाजवळचा वळसा, वाळूवर पाणी परत जाताना ज्या छोट्या घळी पडतात त्या, हे सगळं तपासायचं. सरळसोट लांब किनाऱ्यापेक्षा जिथे किनारा वळतो तिथे माल साचतो. फ्लोरिडातलं सॅनिबेल बेट शंखांसाठी जगप्रसिद्ध आहे त्यामागे हेच कारण आहे, आजूबाजूची बेटं किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण पसरलेली आणि हे मात्र पूर्व-पश्चिम आडवं वळलेलं, त्यामुळे प्रवाहाबरोबर येणारं सगळं याच्यावर येऊन अडकतं.

आणखी एक गंमत बघा, वाळूवरचे सुटे शिंपले बहुतेक पालथे पडलेले असतात, फुगीर बाजू वर, कारण उताणा असला की लाट त्याला उलटवते आणि पालथा झाला की तो स्थिर बसतो. काही किनाऱ्यांवर तर एकाच जातीच्या डाव्या झडपा एका बाजूला जास्त आणि उजव्या दुसऱ्या बाजूला जास्त असंही होतं, दोन्हींचा आकार आरशातल्यासारखा उलटा असल्याने लाट त्यांना वेगवेगळीकडे ढकलते. मुलांना घेऊन जात असाल तर हा खेळ जरूर करा, एका जातीच्या झडपा मोजा आणि डाव्या-उजव्या वेगळ्या करा, पोरं तासभर हलत नाहीत.

ओळख पटवायला सुरुवातीला नावांच्या मागे लागू नका, कुळं ओळखा. शंख टोक वर करून, तोंड आपल्याकडे करून धरला की तोंड बहुतेक वेळा उजवीकडे येतं, जगातल्या बहुसंख्य शंखांचं असंच असतं, डावीकडे आलं तर थांबून नीट बघा. अर्थात लायटनिंग व्हेल्कसारख्या काही जाती मुळातच डाव्या असतात. कवडी एवढी चकचकीत का, तर जिवंतपणी तिचा मॅन्टल बाहेर येऊन सगळ्या कवचाला झाकून ठेवतो, म्हणून तिच्यावर ना शेवाळ बसतं ना ओरखडे पडतात. आणि कवडीचं पिल्लू कवडीसारखं दिसतच नाही, पातळ ओठाचा साधा फुगीर शंख असतो, दात नंतर येतात, त्यामुळे नवी लोकं ती वेगळीच जात समजून बसतात. हत्तीच्या सुळ्यासारखी, दोन्ही टोकं उघडी असलेली पांढरी नळी मिळाली तर तो टस्क शेल, शंखही नाही आणि शिंपलाही नाही, वेगळाच गट. काळे शिंपले मिळतात ते जळालेले नसतात, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात फार काळ गाडले गेल्यामुळे लोहाच्या संयुगांनी काळे पडलेले असतात, आणि हे शेकडो, कधी हजारो वर्षं जुनेही असू शकतात. वयाचं म्हणाल तर 2006 मध्ये आइसलँडजवळ मिळालेल्या एका क्वाहॉग शिंपल्याच्या कवचातल्या वाढीच्या रेघा मोजून त्याचं वय 507 वर्षं निघालं. पण प्रत्येक शिंपल्यावरची प्रत्येक रेघ म्हणजे एक वर्ष असं समजू नका, वादळाचा धक्का बसला, अन्न कमी पडलं की तेव्हाही रेघ पडते.

माझा लाडका मात्र झेनोफोरा. हा शंख वाढता वाढता आजूबाजूचे रिकामे शिंपले, छोटे शंख, खडे उचलून स्वतःच्या पाठीवर चिकटवत जातो. आपला छंद आपल्या आधी त्याने सुरू केलाय!

दुर्मिळ शंख मिळाला पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांना ग्लोरिया मारिस कोन नावाच्या शंखाची गोष्ट सांगते. 1777 मध्ये त्याला नाव मिळालं आणि नंतर जवळजवळ दोनशे वर्षं जगात त्याचे मोजकेच नमुने होते, श्रीमंत लोक त्याच्यासाठी वेडे व्हायचे. मग 1969 मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या लोकांना सॉलोमन बेटांमधल्या ग्वादलकनालजवळ त्याची राहायची जागाच सापडली आणि नंतर तो कितीतरी संग्रहांमध्ये जाऊन बसला. तो तेव्हाही समुद्रात होताच, कुठे राहतो ते आपल्याला माहीत नव्हतं एवढंच. म्हणून विकतचे शंख घेऊन संग्रह वाढवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, दुकानातले ते निर्दोष चकाकणारे शंख बहुतेक जिवंत प्राणी पकडून, मारून काढलेले असतात. लाटेने आणून दिलेला, एक ओठ तुटलेला शंख त्यापेक्षा केव्हाही चांगला.

यातूनच जिवंत शंखांचा विषय येतो आणि इथे मी अजिबात तडजोड करत नाही. उचललेला प्रत्येक शंख आत डोकावून बघा. तोंडाशी झाकण बंद असेल तर प्राणी आत आहे, पाय दिसले तर संन्यासी खेकडा आहे, दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या असतील तर शिंपला जिवंत आहे. शंका आली तर पाण्याच्या डबक्यात ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा, आत कुणी असेल तर बऱ्याचदा हालचाल करतं. असेल तर जिथून उचलला तिथेच परत ठेवायचा. संन्यासी खेकड्याला स्वतःचं कवच करता येत नाही, वाढला की मोठा रिकामा शंख शोधावा लागतो, त्यामुळे मोठे धडके शंख मी बऱ्याचदा फोटो काढून तिथेच सोडते. आणि आइस्क्रीमच्या कोनासारखा शंख जिवंत दिसला तर हातच लावू नका. कोन शंखाकडे विषारी भाल्यासारखा दात असतो, त्यातल्या जिओग्राफी कोनच्या डंखाने माणसं मेलेली आहेत. त्याच कुळातल्या मॅजिशियन कोनच्या विषावरून तयार झालेलं झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचं औषध 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ही त्याची दुसरी बाजू.

किती घ्यायचे? मूठभर. 2014 मध्ये स्पेनमधल्या एका किनाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तीसेक वर्षांच्या अंतराने तिथले शिंपले मोजले होते, तेवढ्यात पर्यटक साधारण तिप्पट झाले आणि शिंपले निम्म्याहूनही कमी झाले. यात लोकांनी उचलून नेणं आणि किनारा साफ करणारी यंत्रं, दोन्हींचा हात असू शकतो. रिकामा शंख हे कुणाचं तरी घर असतं, शेवाळाला धरायला आधार असतो, आणि शेवटी त्याचा चुरा होऊन वाळूच बनते. कायद्याचंही बघा, नॉटिलस, राक्षसी शिंपला म्हणजे जायंट क्लॅम, क्वीन काँच यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या करारानुसार नियंत्रण आहे, आणि संरक्षित भागांमधून रिकामा शिंपला उचलणंही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. जिथे जाल तिथला नियम आधी वाचा.

आता तुमचा वासाचा प्रश्न. वास येतो तो आतल्या वेटोळ्यात मेलेल्या मांसाचा तुकडा राहिल्यामुळे. शंख गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, अधूनमधून जोरात हलवून, तोंड खाली करून झटका द्या, चार-पाच दिवसांत बहुतेक काम होतं. नाहीच झालं तर ब्लीच तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा वेळ ठेवता येतं, पण त्याने कवचावरचा तपकिरी, कधी केसाळ असा वरचा थर निघून जातो, आणि तो थर ओळखायला उपयोगी असतो, म्हणून एकाच जातीचे दोन असतील तर एक तसाच ठेवा. व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड वापरू नका, शंख कॅल्शियम कार्बोनेटचा आहे, ॲसिड त्याला खातंच, आणि ब्लीचमध्ये तर चुकूनसुद्धा मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. कवड्या आणि ऑलिव्ह नावाचे चकचकीत शंख उकळायचे नाहीत, चकाकीला तडे जातात. वॉर्निश तर नकोच, वाळल्यावर बेबी ऑइलचा एक थेंब कापडाला लावून पुसा, रंग परत वर येतो.

साठवायला लाकडी खोके किंवा पुठ्ठ्याचे डबे छान दिसतात पण वर्षानुवर्षं ठेवायला वाईट. लाकूड, प्लायवूड, साधा पुठ्ठा यांतून ॲसिडची वाफ सुटत राहते, दमट हवेत ती कवचावर बसते आणि शंखावर पांढरी भुकटी धरते. याला बाईन्स डिसीज म्हणतात, बाईन नावाच्या माणसाने 1899 मध्ये याबद्दल लिहिलं तेव्हा त्याला हे जंतूंचं काम वाटलं होतं, प्रत्यक्षात ती साधी रासायनिक क्रिया आहे. झिपवाल्या प्लास्टिक पिशव्या नाहीतर प्लास्टिकचे पारदर्शक डबे वापरा, आणि उन्हापासून लांब. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी हवीच हवी: जागा, तारीख, कुठे पडला होता (भरतीची ओळ, खडकातली फट, चिखल), ओहोटी किती होती, आदल्या दिवशी वारा कुठून होता. पेन्सिलीने लिहा, शाई उडते. चिठ्ठी नसेल तर दहा वर्षांनी तो फक्त सुंदर शंख असतो. चिठ्ठी असेल तर त्या किनाऱ्यावर त्या दिवशी काय होतं याची ती नोंद असते, आणि अभ्यासकांनाही तिचा उपयोग होऊ शकतो. नाव लगेच सापडलं नाही तरी चालेल, मोलस्काबेस नावाची ऑनलाइन यादी आहे तिथे आत्ताचं मान्य नाव तपासता येतं, कारण शास्त्रीय नावं बदलत राहतात आणि जुन्या पुस्तकातलं नाव कधीकधी कालबाह्य झालेलं असतं.

आणि मोठं काहीच मिळालं नाही असा दिवस आला तर भरतीच्या ओळीतली, जिथे जाडसर कुटासारखे तुकडे साचतात तिथली चमचाभर वाळू डबीत घेऊन या, नियमात बसत असेल तर. वाळवून काळ्या कागदावर पातळ पसरा आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग लावा. त्यात पूर्ण वाढ झालेले, दोन-तीन मिलिमीटरचे शंख निघतात, रिब, दात, ओठ सगळं जिथल्या तिथे. ओल्या ब्रशच्या टोकाने उचलायचे, चिमट्याने फुटतात. एक चमचा वाळू नीट बघायला मला अख्खी संध्याकाळ लागते.